पैठणीवाली

गोधड्यांना ऊन दाखवायचं म्हणून नाशिकला आईचं कपाट उघडलं, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या शालींच्या खाली, हाताला काहीतरी कुरकुरलं. कुरिअरवाल्यांची असते तशी करड्या प्लास्टिकची पिशवी होती, एका कडेने कात्रीने सरळ कापलेली. आई पिशवी कधी फाडत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपराही ती असा कापते की तुकडा पिशवीलाच राहावा. आत एक साडी होती. वांगी रंगाची, काठावर सोनेरी मोर. मोर विणलेले नव्हते, छापलेले होते, आणि एके ठिकाणी छपाई सरकल्यामुळे मोराची मान त्याच्या अंगापासून बोटभर बाजूला गेली होती. कापडाखाली हात धरला तर माझ्या बांगड्या मोजता येत होत्या. आई साड्यांच्या घड्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते. लहानपणापासून त्या कपाटाचा मला तोच वास माहीत आहे. त्यात आता हा दुसरा वास मिसळला होता, नव्या रेक्झिनसारखा, नाकात बसणारा.

साडी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई गवार निवडत बसली होती. तिने साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. "होती तिथे ठेव ती," एवढंच म्हणाली. शेंगांच्या शिरा काढणं चालूच होतं, फक्त हात भराभर चालायला लागले होते.

मी विचारलं, "किती गेले?"

तो माझा पहिला प्रश्न होता. आजही ती साडी आठवली की आधी तो प्रश्न आठवतो. कधी झालं, कसं झालं, तेव्हा घरात तू एकटीच होतीस का, यातलं काहीच मी विचारलं नाही. आकडा विचारला. आईनेही आकडा सांगितला, ४,५४९, वरचे सुटे एकोणपन्नाससुद्धा न वगळता. उत्तर चुकल्यावर वर्गात उभी राहिलेली मुलगी बोलते तसा तिचा आवाज होता. माझी आई ७४ वर्षांची आहे.

बाकीचं रात्री जेवताना हळूहळू कळलं. संक्रांत होऊन गेली होती. दुपारी पडल्या पडल्या ती मोबाइलवर व्हिडिओ बघते, त्यात एक जाहिरात आली. माग, मागावर बसलेल्या म्हाताऱ्या विणकराचे नुसते हात आणि मराठीत बोलणारा एक तरुण आवाज: आजोबांचा माग बंद पडतोय, कर्ज डोक्यावर आहे, शेवटच्या चाळीस पैठण्या उरल्यात, दलाल नको म्हणून थेट तुमच्यापर्यंत आलोय. १८,५०० वर काट मारलेली, खाली २,९९९. त्याखाली उलटं धावणारं घड्याळ. आगाऊ पैसे भरले तर दहा टक्के सूट, म्हणून तिने २,६९९ भरले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की कुरिअरचा विमा १,८५० होईल, साडी हातात पडली की तेवढे परत करू. तेही भरले. बाराव्या दिवशी ही पिशवी आली. "पण ते हात खरे होते गं," आई मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "फणी मारताना मनगट कसं वळतं, ते मी लहानपणी पाहिलंय. ते हात खोटे नव्हते."

हात खोटे नव्हतेच. कुठल्यातरी खऱ्या विणकराचा व्हिडिओ उचलून त्यावर तो आवाज चढवला होता. आईचं माहेर कोपरगावचं. येवला तिथून एसटीने फार लांब नाही. तिच्या बहिणीच्या लग्नाचा शालू घ्यायला सगळे येवल्याला गेले होते, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. ती हकिगत मी इतक्या वेळा ऐकली आहे की तो अंधारा ओटा मीच पाहिल्यासारखा वाटतो. जमिनीत खणलेला खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला विणकर, काठाजवळ लोंबणाऱ्या रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या, आणि एकेका धाग्यात बोट घालून तो पोपटाची चोच भरत होता. सगळा दिवस बसून किती झालं असं आजोबांनी विचारलं, तर त्याने बोटाची दोन पेरं दाखवली. मग साडी उलटी करून त्याने तिच्या हातात दिली आणि म्हणाला, सांग पोरी, सुलटी कुठली? तिला सांगता आलं नाही. हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षीचे रंगीत धागे उभ्या धाग्यांत गुंफत नेतात, त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागे धाग्यांचे पूल लोंबत नाहीत. हे आईला त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांपासून माहीत आहे. जाहिरात करणाऱ्यांनी तिला नेमकं तेच दाखवलं जे तिला ओळखता येत होतं. तिच्या अज्ञानामुळे ती फसली असं मी पहिल्या दिवशी मनात म्हटलं होतं. तसं नव्हतं. तिच्या माहितीतूनच तिला आत घेतलं होतं.

तिला ती साडी माझ्या लेकीसाठी हवी होती. लग्न मे महिन्यात ठरलं होतं. बाबांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनीतून, आम्हा भावंडांना न विचारता, आजीकडून नातीला एक पैठणी. लेकीला कळू द्यायचं नाही, ही तिची त्या रात्रीही पहिली अट होती.

मी लहान असताना आईबरोबर बुधवारच्या बाजारात जायचे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्या गंगेच्या घाटावर बाजार भरायचा. आई वांगं उचलायची ते देठाकडून. देठ हिरवं आणि काटे टोचणारे असले तरच पुढचं बोलणं. नारळ कानाशी हलवायची, गहू तळहातावर घेऊन दाताखाली एक दाणा फोडायची, स्टीलच्या डब्यावर नख मारून आवाज ऐकायची. कापडाच्या दुकानात तर मालक बोलत राहायचा आणि तिची दोन बोटं ठाणाची कड चोळत राहायची. मग ती मुठीत कापड चुरगाळायची, सोडायची, आणि ते किती वेळात मोकळं होतं ते बघायची. त्या बाजारातही लबाडी होतीच. तराजूची दांडी करंगळीने दाबणारे होते, वर ताजी आणि खाली सडकी रचणारे होते. पण तिथे आईची बोटं, नाक, कान, सगळं कामाला लागलेलं असायचं, आणि समोरच्याचा चेहरा तिला दिसायचा. शिवाय तो पुढच्या बुधवारी तिथेच बसणार असायचा. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवलं तर रेशीम आणि प्लास्टिक सारखंच गुळगुळीत लागतं. साठ वर्षं कमावलेली तिची अक्कल बोटांत होती आणि बोटांना तिथे काही कामच नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? त्या साडीला शालींच्या खाली जाऊन एकोणीस दिवस झाले होते. या दिवसांत आम्ही रोज फोनवर बोललो होतो. पाणी कधी आलं, गुडघा कसा आहे, लग्नाच्या हॉलवाल्याने काय सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पॉलिशवाल्या काकू आठवतात तुला?"

मला आठवत होत्या. आमच्या वाड्यात तळमजल्यावर राहायच्या. एका दुपारी, पुरुषमाणसं कामावर गेलेली असताना, दागिने उजळून देतो म्हणत दोघे जण आले. आधी फुकटात त्यांचा तांब्या चकचकीत करून दाखवला. मग काकूंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. त्या लोकांनी डब्यात हळदीचं पाणी केलं, बांगड्या आत घातल्या, झाकण लावलं, डबा चुलीवर ठेवायला सांगितला आणि पाच मिनिटांनी उघडा म्हणून निघून गेले. काकूंची किंकाळी मी वरच्या मजल्यावर ऐकली होती. क्षणात सगळा वाडा खाली जमला. कुणी रविवार कारंजापर्यंत धावत गेलं, कुणी पोलीस चौकीत गेलं, बायका काकूंच्या डोक्यावर पाणी थापत बसल्या. संध्याकाळपर्यंत आसपासच्या प्रत्येक घरात दोन माणसांचं वर्णन पोचलं होतं. आजवर माझ्या मनात ती गोष्ट अशीच होती, वाडा कसा धावून आला याची गोष्ट. आईने त्याचा पुढचा भाग सांगितला. "नंतर सगळे त्यांना पॉलिशवाल्या म्हणायला लागले. त्यांचं आडनाव काय होतं सांग बरं?" मला सांगता येईना. "गेल्या तेव्हासुद्धा लोक म्हणाले, पॉलिशवाल्या गेल्या. मला पैठणीवाली व्हायचं नव्हतं."

मग थोड्या वेळाने, भांडी लावता लावता, पाठ माझ्याकडे असताना तिने आणखी एक वाक्य सांगितलं. माझंच. दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचे पैसे असेच फोनवरून गेले होते आणि मी आईसमोर म्हटलं होतं, "असल्या लोकांच्या हातात स्मार्टफोन द्यावाच कशाला?" मी विसरून गेले होते. ती विसरली नव्हती. तिला वाटलं, कळलं तर ही फोन काढून घेईल, निदान पैसे भरायचं अ‍ॅप तरी काढून टाकेल, आणि मग गॅसच्या नोंदणीपासून प्रत्येक गोष्टीसाठी कुणाचं तरी तोंड बघावं लागेल. बाबा गेल्यावर बँकेचं, विजेच्या बिलाचं, औषधांचं सगळं ती हट्टाने स्वतः शिकली होती. चार हजार गेले ते तिने सोसले असते, फोनवरचा हक्क गेला असता तर सोसला नसता.

आणि मी तरी कुणाला काय सांगितलं होतं? त्याच वर्षी दिवाळीच्या धामधुमीत मला एक एसएमएस आला होता. तुमचं पार्सल पोचलंय, पत्ता अपूर्ण आहे, बारा तासांत दुरुस्त करा. घरी चार पार्सलं यायचीच होती. मी दुवा उघडला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला, पिनकोड लिहिला, आणि पंचवीस रुपयांच्या शुल्कासाठी कार्डाचा नंबर मागितला तेव्हा कुठे माझा हात थांबला. पोस्टाच्या नावाने असे एसएमएस फिरतात, याबद्दल सरकारने जाहीर सावध केलेलं आहे आणि ते मी वाचलेलंही होतं. तरीही पत्त्यापर्यंत मी गेले होते. नवऱ्यालासुद्धा मी ते सांगितलं नाही. आमच्या पुण्याच्या इमारतीत एका शेजाऱ्यांनी घरात कुणीतरी मागवलं असेल म्हणून दारात पैसे देऊन पार्सल घेतलं. आत तीस रुपयांचीही नसेल अशी कंगव्यांची जोडी निघाली, आणि ते कुणीच मागवलेलं नव्हतं. त्यांनीही ते सहा महिन्यांनी, दुसऱ्याच विषयावर बोलताना सांगितलं. वाड्यात किंकाळी तरी ऐकू गेली होती. आता ज्याचं त्याच्याजवळ राहतं.

त्या रात्री मात्र आम्ही दोघी पलंगावर बसून ती जाहिरात पुन्हा शोधायला लागलो. मला वाटलं होतं आईला त्रास होईल, पण ती चष्मा लावून माझ्याहून जास्त उत्सुकतेने बसली. पान अजून तिथेच होतं. घड्याळही धावत होतं. मी पान बंद करून पुन्हा उघडलं तर घड्याळ पहिल्यापासून सुरू झालं, आणि चाळीस पैठण्या अजूनही चाळीसच होत्या. आईने ते माझ्याकडून तीनदा करवून घेतलं. मग आम्ही साडीचा फोटो गूगल लेन्सला दाखवला. तोच फोटो, तीच घडी, तोच मागचा लाकडी कठडा, सहा-सात वेगवेगळ्या दुकानांच्या नावाखाली, प्रत्येक ठिकाणी वेगळी किंमत. पानावर '१९५२ पासून आपल्या सेवेत' असं लिहिलं होतं. संकेतस्थळाचं नाव कधी नोंदवलं गेलं ते सांगणारी हूइज नावाची सोय आहे, तिथे ते नाव टाकलं तर नोंदणी अवघ्या तीन महिन्यांपूर्वीची निघाली. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात की ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दाखवलं पाहिजे. इथे एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि जीमेलचा पत्ता, बस. परत करण्याच्या अटी मी मोठ्याने वाचायला लागले तर त्यात बुटांचे साइझ आले. कुठल्यातरी चपलांच्या दुकानाच्या अटी तशाच चिकटवल्या होत्या.

"म्हणजे वांग्याचं देठ बघायचं असतं तसं," आई म्हणाली. तिने ते इतक्या सहज जोडलं की मला तिच्या शेजारी बसून ते आधीच का दाखवलं नाही, याचं वाईट वाटत राहिलं.

तिला मी विचारलं, पैसे भरताना पिन टाकायच्या आधी कुणाचं नाव दिसलं होतं? यूपीआयमध्ये समोरच्याचं बँकेतलं नाव तेवढं खरं असतं. ते जाहिरातीइतकं सहज बदलता येत नाही, म्हणून तिथे क्षणभर थांबून वाचावं असं मी सगळ्यांना सांगते. आईला नाव पाठ होतं. दुकानाचं नव्हतं, एका मुलाचं होतं. "मला वाटलं, विणकराचा नातू असेल," ती म्हणाली. त्या नातवाचं पुढे काय झालं असेल, शिक्षणाला पैसे लागत असतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. मला पुढे बोलवेना.

एक गोष्ट तिने अगदी शेवटी सांगितली, जणू त्यात विशेष काही नाही. पिशवी उघडल्यावर तिने दुकानाच्या नावाने ग्राहक सेवेचा नंबर शोधला होता. मिळालाही. एक माणूस हिंदीत, फार आदराने, माताजी माताजी करत बोलला. चूक झाली, पूर्ण पैसे परत करतो, फोनवर एक कोड पाठवलाय तो स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे लगेच खात्यात येतील. आईने त्याला विचारलं, "पैसे तुम्ही देणार, मग किल्ली माझी कशाला?" तो समजावायला लागला, मग घाई करायला लागला, मग त्याचा आवाज चढला. तिने फोन ठेवून दिला. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे फक्त जातात, हे यूपीआयचं साधं सूत्र आहे. ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने ते स्वतःच्या घरकामातून काढलं होतं. त्या दिवशी ती बोलत गेली असती तर खात्यात असलेलं सगळं गेलं असतं. आणि एवढं करून, स्वतःला वाचवून, तिने ती साडी मान खाली घालून शालींच्या खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना तिने साडीच्या दशीतला एक धागा ओढून काढला आणि गॅसच्या ज्योतीवर धरला. शेजारी तिच्या जुन्या फाटक्या शालूतला एक धागा घेतला होता. शालूचा धागा चुरचुरत जळला, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत भुगा झाली. दुसरा वितळून गोळा झाला, काळा, टणक मणी, आणि स्वयंपाकघरभर प्लास्टिकचा धूर. तिने तो मणी नखाने दाबून पाहिला. बाजारात करायची तसंच. मग ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "चल, कुठे सांगायचं असतं ते सांगू."

१९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर. पोलीस आणि बँका एकमेकांना जोडल्या गेल्यामुळे, वेळेत कळवलं तर गेलेला पैसा पुढच्या खात्यातच गोठवता येतो. पलीकडच्या मुलीने व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला, तारीख, वेळ, बँक विचारली, आणि मग थोडं थांबून विचारलं, "आजी, आजच का फोन केला?" प्रश्नात राग नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तक्रारीचा क्रमांक एसएमएसने आला, तो घेऊन आम्ही पोलिसांच्या सायबर विभागात गेलो. तिथल्या हवालदाराने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं की पहिला तास-दोन तास महत्त्वाचे असतात. इतक्या दिवसांनी त्या खात्यात काही उरलेलं नसतं, पैसे चार हातांतून जाऊन कुठेतरी रोखीत निघतात. ज्याच्या नावावर खातं आहे तोही बऱ्याचदा असाच कुणीतरी असतो, दोन-तीन हजारांसाठी पासबुक आणि सिमकार्ड भाड्याने दिलेला. पोलीस आधी त्याच्याच दारात जातात. आईने लगेच विचारलं, "लहान असेल का हो तो?" मला तिचा तो प्रश्न आवडला नाही आणि आवडलाही. चोराची काळजी कशाला, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, पण कालच्या माझ्या प्रश्नानंतर मला काही बोलण्याचा अधिकार उरला नव्हता. पैसे परत आले नाहीत.

मार्चच्या शेवटी आम्ही दोघी येवल्याला गेलो. ऊन रणरणत होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पैठणीच्या पाट्याच पाट्या. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण यंत्रमागाची सेमी पैठणीही त्याच पाट्यांखाली टांगलेली असते. ती सेमी म्हणून विकली तर त्यात काही वाईट नाही. एका विणकराच्या घरी त्याने आईला हिशेब मांडून दाखवला. रेशीमच किलोला काही हजारांचं, जर वेगळी, आणि साध्या काठाच्या साडीलाही मागावर महिनाभर बसावं लागतं. तीन हजारांत हातमागाची पैठणी देतो म्हणणारा माणूस काय देत असेल, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्याच्या दाराला रेशमाचा तो ओलसर, किंचित उग्र वास होता, आत दोन माग चालू होते. आईने बरोबर आणलेली साडी पिशवीतून काढून त्याला दाखवली. त्याने ती हातात घेतली, मोराची सरकलेली मान बघितली आणि त्याचा चेहरा पडला. "आमचेच व्हिडिओ घेतात," म्हणाला. "मग खऱ्या गिऱ्हाइकालाही आमची भीती वाटते." आईने तिच्या ऐपतीतली, बारीक काठाची, छोट्या बुट्ट्यांची एक घेतली. ठरवल्यापेक्षा खूप जास्त पैसे गेले. रेशीम अस्सल असल्याची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल तिने पाहिलं, पण आधी साडी उलटी केली, दाराशी उजेडात नेली आणि मला विचारलं, "सांग, सुलटी कुठली?"

चैत्रात तिच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असतं. मी मुद्दाम गेले. आरास झाली, कैरीची डाळ वाटून झाली, पन्ह्यात वेलची पडली. इमारतीतल्या आणि जुन्या वाड्यातल्या मिळून वीसेक बायका आल्या. ओट्या भरून झाल्यावर आई उठली, कपाटातून ती करडी पिशवी घेऊन आली. साडी आता वरच्याच कप्प्यात असते. तिने ती पहिल्या बाईच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं, हात लावून बघा, उलटी करून बघा, मला ४,५४९ रुपयांना पडलीय. मी श्वास रोखून बघत होते. कुणीतरी हसलं. आई हसली नाही की ओशाळली नाही, घड्याळ कसं परत सुरू होतं ते सांगत राहिली, पिनचं सांगितलं, नाव वाचायचं सांगितलं. साडी हातोहात खोलीभर फिरली. एकीने मोराच्या मानेवरून बोट फिरवलं आणि नुसतं "अगंबाई" म्हटलं.

सगळ्या गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई मागे राहिल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. भिजवलेल्या हरभऱ्यांची पुडी हातात घट्ट धरून उभ्या होत्या. मला वाटलं काही विसरल्या असतील. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आईला म्हणाल्या, "मी मिक्सर मागवला होता. तो माणूस आता फोनच उचलत नाही. मुलाला सांगू नका."

आईने हातातला पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "कधी भरले पैसे?"

"आज सकाळी. अकराला."

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वासहा झाले होते. तिने पदराने चष्मा पुसून लावला, त्यांना हाताला धरून पलंगावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. "तुमचा फोन द्या इकडे. तो बारा आकडी नंबर काढू आधी," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता स्वतःच १९३० लावला.